विकिपीडियावर शेवटचा शब्द कोणाचा : स्वयंसेवकांचा की पगारी कर्मचाऱ्यांचा?

१० जून २०१९ रोजी इंग्रजी विकिपीडियावरील एका जुन्या, अनुभवी प्रचालकाचे (म्हणजे पाने वगळण्याचे आणि सदस्यांना प्रतिबंधित करण्याचे अधिकार असलेल्या स्वयंसेवकाचे) खाते एका वर्षासाठी बंद करण्यात आले. खाती बंद होणे ही विकिपीडियावर रोजचीच बाब आहे. जाहिरातबाजी करणारे, मजकुराची नासधूस करणारे, एकाच वेळी चार नावांनी वावरणारे सदस्य प्रचालकांच्या नजरेस आले की त्यांच्यावर बंदी येते आणि तिची नोंद कोणालाही पाहता येईल अशा नोंदवहीत राहते. या नोंदीत मात्र बंदी घालणारा कोणी स्वयंसेवक नव्हता. कारवाई ‘डब्ल्यूएमएफ ऑफिस’ या खात्यावरून, म्हणजे विकिपीडियाचा डोलारा सांभाळणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशन या संस्थेच्या पगारी कर्मचाऱ्यांकडून झाली होती. तक्रार कोणी केली आणि नेमक्या कोणत्या वागणुकीबद्दल केली, हे जाहीर करण्यात आले नाही. या निर्णयावर अपील करण्याचीही सोय नव्हती.

दुसऱ्या एका प्रचालकाने ती बंदी उठवली. कर्मचाऱ्यांनी ती पुन्हा घातली आणि उठवणाऱ्याचे अधिकार तीस दिवसांसाठी काढून घेतले. त्यानंतर तिसऱ्या प्रचालकाने ती परत उठवली. पुढच्या काही आठवड्यांत वीसहून अधिक प्रचालकांनी निषेध म्हणून आपले अधिकार सोडून दिले. विशेष म्हणजे, बंदी आलेल्या सदस्याची बोलण्याची पद्धत कठोर आहे, हे त्याची बाजू घेणाऱ्यांपैकी अनेकांनाही मान्य होते. वाद त्या व्यक्तीपुरता राहिलाच नाही. स्वयंसेवकांनी स्वतःसाठी उभारलेल्या कारभारात संस्थेच्या कर्मचाऱ्यांनी किती आणि कुठपर्यंत हात घालावा, हा त्या वादाचा गाभा होता, आणि तो प्रश्न विकिपीडियापुरता मर्यादित नाही.

तो समजण्यासाठी आधी रचना पाहिली पाहिजे. विकिपीडिया सुरू झाला १५ जानेवारी २००१ रोजी आणि विकिमीडिया फाउंडेशन ही ना-नफा संस्था अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात २००३ मध्ये स्थापन झाली, म्हणजे समुदाय आधीचा आणि संस्था नंतरची. आज सॅन फ्रान्सिस्कोत कार्यालय असलेल्या या संस्थेकडे सर्व्हर आहेत, विकिपीडिया या नावाचे मालकी हक्क आहेत, सॉफ्टवेअर घडवणारे अभियंते आणि वकील आहेत, आणि वाचकांकडून येणाऱ्या देणग्यांचा पैसाही तिच्याकडेच येतो. लेख मात्र ती लिहीत नाही. लेख लिहितात, तपासतात आणि दुरुस्त करतात ते तीनशेहून अधिक भाषांमधील स्वयंसेवक, आणि दर महिन्याला काही ना काही संपादन करणाऱ्या या लोकांची संख्या अडीच लाखांच्या आसपास असते.

या स्वयंसेवकांनी आपापल्या भाषेत स्वतःची राज्यव्यवस्था उभी केली आहे. लेख कोणत्या विषयावर असावा, संदर्भ कशाला म्हणावे, भांडण झाले तर काय करावे, याचे नियम चर्चेतून आणि सहमतीने ठरतात. मराठी विकिपीडियावर ही चर्चा ‘चावडी’ नावाच्या पानावर होते. पान वगळणे, सुरक्षित करणे, सदस्याला प्रतिबंधित करणे हे अधिकार प्रचालकांकडे असतात आणि प्रचालक कोणी व्हावे हे त्या त्या भाषेतील सदस्य ठरवतात. इंग्रजीसारख्या मोठ्या विकिपीडियावर त्यांच्याही वर लवाद समिती असते. ती २००४ पासून काम करते आहे, तिचे सदस्य दरवर्षी मतदानाने निवडले जातात आणि प्रचालकाचे अधिकार काढून घेण्याचा हक्क तिला आहे. सर्व भाषांना मिळून ‘स्टुअर्ड’ नावाचे निवडून आलेले सदस्य असतात, आणि जिथे स्थानिक यंत्रणा नाही तिथे ते मदतीला जातात.

तांत्रिकदृष्ट्या पाहिले तर हे सारे फाउंडेशनच्या मर्जीवर उभे आहे. ज्याच्या हाती सर्व्हर आहे तो कोणतेही पान पुसू शकतो आणि कोणाचेही खाते बंद करू शकतो, त्याला अडवणारी तांत्रिक भिंत नाही. त्यामुळे अशा ठिकाणची स्वायत्तता ही मुळात संयमाची बाब आहे. ज्याला सर्व काही करता येते त्याने काय करायचे नाही हे आधी ठरवून, सांगून आणि पाळून दाखवले तरच ती टिकते.

हा संयम एकदा उघडपणे सुटला होता, आणि त्याचे कारण दिसायला किरकोळ होते. २०१४ मध्ये फाउंडेशनने चित्रे मोठ्या आकारात दाखवणारी ‘मीडिया व्ह्यूअर’ ही नवी सोय सर्व विकिपीडियांवर आपोआप चालू केली. जर्मन विकिपीडियाच्या सदस्यांना ती पसंत पडली नाही. त्यांनी मतदान घेतले, बहुमताने ती सोय मुळात बंद ठेवण्याचे ठरवले आणि एका प्रचालकाने संकेतस्थळाच्या सामाईक फाइलमध्ये बदल करून तो निर्णय अमलात आणला. कर्मचाऱ्यांनी तो बदल उलटवला, आणि १० ऑगस्ट २०१४ रोजी ‘सुपरप्रोटेक्ट’ नावाची सुरक्षेची एक नवी पातळीच तयार करून ती त्या फाइलला लावली. तोवर कोणतेही पान सुरक्षित केले तरी प्रचालकाला ते संपादित करता येत असे. या नव्या पातळीत प्रचालकही बाहेर राहिले आणि संपादनाचा हक्क फक्त कर्मचाऱ्यांना उरला. चित्र कसे दिसावे या मतभेदातून, समुदायाने निवडलेल्या माणसांना समुदायाच्याच पानाबाहेर ठेवणारे कुलूप जन्माला आले होते. निषेधाच्या पत्रावर शेकडो सह्या झाल्या. त्या फाइलवरची सुरक्षा काही दिवसांत उठली, पण ती पातळी सॉफ्टवेअरमधून पूर्णपणे काढून टाकायला ५ नोव्हेंबर २०१५ उजाडला.

त्या वेळच्या अभियंत्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. मतदानात भाग घेतात ते काही शे जुने, सराईत संपादक, आणि ती सोय केली होती ती कोट्यवधी वाचकांसाठी, ज्यांना मतच नसते. वाचकांच्या वतीने बोलण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न रास्त आहे. तो सोडवण्याची पद्धत मात्र चुकली, कारण जो वाद चर्चेने सुटला असता तो त्यांनी सत्तेने मिटवायला घेतला.

आता पुन्हा २०१९ कडे येऊ, कारण तिथला पेच याहून खोल आहे. सोशल मीडियावर आणि विकिपीडियावरही छळ होतो. फाउंडेशनने २०१५ मध्ये घेतलेल्या सर्वेक्षणात उत्तर देणाऱ्यांपैकी ३८ टक्के सदस्यांनी आपला छळ झाल्याचे सांगितले होते, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक लोकांनी त्यानंतर आपला सहभाग कमी केला होता. ज्याच्याबद्दल तक्रार करायची तो स्वतःच प्रचालक असेल, त्याचे मित्रही प्रचालक असतील आणि तक्रार उघड्या पानावर मांडावी लागत असेल, तर नव्या सदस्याने, विशेषतः एखाद्या स्त्रीने, ती मांडावी तरी कशी? असा माणूस सदस्यांच्या सुरक्षिततेचे काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या ‘ट्रस्ट अँड सेफ्टी’ विभागाकडे ईमेल पाठवतो तेव्हा तो समुदायाशी द्रोह करत नसतो. समुदायाने त्याच्यासाठी सुरक्षित दार ठेवलेले नसते, म्हणून तो दुसऱ्या दारी जातो.

आळंदीहून निघणाऱ्या माउलींच्या पालखी सोहळ्यात मुक्कामाच्या तळावर समाजआरतीच्या वेळी चोपदारांनी दंड उंचावला की सर्व दिंड्यांचे टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते, चोपदार तिच्यापाशी जाऊन म्हणणे ऐकून घेतात आणि मगच आरती होते. तक्रार ऐकल्याशिवाय पुढे जायचे नाही, आणि ऐकली हे सर्वांच्या समोर दिसले पाहिजे, ही त्या व्यवस्थेची ताकद आहे. ऑनलाइन समुदायांनाही तेच हवे असते. पण छळाच्या तक्रारीत नेमके हेच जमत नाही, कारण टाळ वाजवणाऱ्याकडे सर्वांचे लक्ष वळले की त्याचा छळ वाढतो. म्हणून काही तक्रारी बंद दाराआडच ऐकाव्या लागतात, आणि त्या ऐकणारा पगारी, प्रशिक्षित आणि गोपनीयतेने बांधलेला असणे योग्यच आहे. अडचण पुढच्या पायरीवर येते. बंद दाराआड ज्याने तक्रार ऐकली, त्यानेच निकाल दिला आणि त्यानेच अपिलाचाही रस्ता बंद केला, तर निर्णय बरोबर असला तरी त्यावर विश्वास बसण्याचे काही कारण उरत नाही.

२०१९ चा वाद मिटला तो हीच गोष्ट मान्य झाल्यामुळे. ३० जून रोजी इंग्रजी विकिपीडियाच्या लवाद समितीने फाउंडेशनला खुले पत्र लिहिले. दोनच दिवसांनी फाउंडेशनच्या विश्वस्त मंडळाने निवेदन काढून, या प्रकरणाचा फेरविचार लवाद समितीने करावा याला मान्यता दिली. कर्मचाऱ्यांनी जमवलेली सुमारे सत्तर पानांची कागदपत्रे, काही भाग झाकून, समितीकडे देण्यात आली. सप्टेंबरमध्ये समितीने निकाल दिला : एका वर्षाची बंदी समर्थनीय नव्हती, म्हणून ती रद्द, पण त्या सदस्याचे वर्तन प्रचालकपदाला साजेसे नव्हते, म्हणून ते अधिकार परत मिळणार नाहीत, हवे असतील तर त्याने पुन्हा समुदायासमोर उभे राहावे. तो उभा राहिला आणि समुदायाने त्याला निवडले नाही. तीच कागदपत्रे निवडून आलेल्या माणसांनी वाचली, तेव्हा निकाल कर्मचाऱ्यांच्या निकालाहून वेगळा आला आणि तो सर्वांनी मानला. या एका प्रकरणातून जेवढे शिकता येते तेवढे दहा धोरणपत्रांतून येणार नाही, असे माझे मत आहे. पुढे २०२० मध्ये ट्रस्ट अँड सेफ्टी विभागाच्या निर्णयांवर अपील ऐकण्यासाठी स्वयंसेवकांची एक समिती नेमण्यात आली. ती मतदानाने निवडलेली नाही, तरीही ‘अपील नाही’ इथपासून ‘अपील आहे’ इथपर्यंतचे अंतर लहान नव्हे.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की कर्मचाऱ्यांनी दूर राहावे आणि समुदायाला आपले आपण पाहू द्यावे. क्रोएशियन विकिपीडियाची हकिकत वाचली की हे उत्तर पुरत नाही. तिथे साधारण २०११ पासून अतिउजव्या विचारांच्या प्रचालकांचा एक लहान गट घट्ट बसला. दुसऱ्या महायुद्धातील उस्ताशा या नाझीधार्जिण्या क्रोएशियन राजवटीचे गुन्हे सौम्य करून सांगणे, यासेनोवाक येथील छळछावणीला ‘श्रमछावणी’ ठरवणे, असा मजकूर लेखांत शिरला आणि तो बदलू पाहणाऱ्या सदस्यांवर बंदी येत गेली. २०१३ मध्ये क्रोएशियाचे तेव्हाचे शिक्षणमंत्री झेल्को योवानोविच यांनी विद्यार्थ्यांनी क्रोएशियन विकिपीडिया वापरू नये असे जाहीरपणे सांगितले. एका देशाच्या मुलांना त्यांच्याच भाषेतील विकिपीडियापासून सावध करावे लागले, आणि तरीही ती स्थिती पुढची सहा-सात वर्षे तशीच राहिली. फाउंडेशनने भाषिक समुदायाच्या स्वायत्ततेत पडायचे नाही, हेच धोरण धरले होते.

हे कसे घडले याची रीत बारकाईने पाहण्यासारखी आहे, कारण तीत नियमभंग फारसा दिसत नाही. प्रचालक निवडायला मते लागतात आणि मते देणारे सदस्य कोण राहतात हे प्रचालक ठरवतात. विरोधी मताच्या सदस्याला किरकोळ कारणाने प्रतिबंधित केले की पुढच्या मतदानात एक मत कमी होते. असे काही वर्षे चालले की उरलेल्या समुदायाचा कौल प्रचालकांच्याच बाजूने लागतो, आणि कागदावर सारे लोकशाहीनेच झालेले असते. त्यात बनावट खात्यांची भर होती. २०२० मध्ये स्टुअर्डांनी तपासणी केली तेव्हा एकाच माणसाने अनेक खाती चालवल्याचे उघड झाले आणि त्या वर्षाअखेर सर्व भाषांतील सदस्यांच्या मतदानाने तिथल्या मुख्य प्रचालकाला सर्वच विकिप्रकल्पांवर कायमची बंदी घालण्यात आली. फाउंडेशनने बाहेरच्या तज्ज्ञाकडून करून घेतलेला अहवाल जून २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे मुख्य काम होऊन गेल्यावर.

या प्रकरणातून दोन्ही बाजूंचे लोक आपापल्याला सोयीचा धडा घेतात. मला त्यात तिसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. रोग स्थानिक समुदायात होता आणि औषध कर्मचाऱ्यांकडून आले नाही. ते शेजाऱ्यांकडून आले : निवडून आलेल्या स्टुअर्डांकडून आणि इतर भाषांतील स्वयंसेवकांकडून. कर्मचारी आणि समुदाय या दोनच पक्षांत सत्तेची वाटणी करायची ठरवली की चर्चा तिथेच अडकते. एक समुदाय बिघडला तर त्याला सावरायला त्याहून मोठा समुदाय लागतो, आणि या मधल्या पातळीवर जितकी मजबूत, निवडून आलेली यंत्रणा असेल तितकी कर्मचाऱ्यांच्या हस्तक्षेपाची गरज कमी पडते.

तरी काही कामे अशी आहेत की ती स्वयंसेवकांवर टाकणे हाच अन्याय ठरेल. १३ सप्टेंबर २०२१ रोजी फाउंडेशनने चिनी विकिपीडियाशी संबंधित सात सदस्यांवर बंदी घातली आणि बारा जणांचे प्रचालकाधिकार काढून घेतले. कारण म्हणून काही सदस्यांच्या शारीरिक सुरक्षिततेला असलेला धोका सांगण्यात आला. हाँगकाँगमध्ये २०२० साली राष्ट्रीय सुरक्षा कायदा लागू झाला होता आणि तिथल्या संपादकांची नावे पोलिसांकडे देण्याच्या धमक्यांची चर्चा होती. तैपेईतील किंवा हाँगकाँगमधील एखादी शिक्षिका, एखादा विद्यार्थी फावल्या वेळात प्रचालकाचे काम करत असेल, तर त्याने किंवा तिने आपल्या नावाने असा निर्णय जाहीर करावा ही अपेक्षाच चुकीची आहे. बालकांच्या लैंगिक शोषणाची छायाचित्रे, आत्महत्येच्या धमक्या, हिंसेच्या धमक्या, न्यायालयाचे आदेश, या गोष्टी पगारी, प्रशिक्षित आणि कायदेशीर संरक्षण असलेल्या लोकांनीच हाताळाव्यात. इथे कर्मचाऱ्यांचा अधिकार पूर्ण असावा आणि तो त्यांनी तातडीने वापरावा, याबद्दल मला शंका नाही.

कायद्याचा हा भाग आपल्या दारापर्यंत आला आहे. एएनआय या वृत्तसंस्थेने आपल्यावरील इंग्रजी लेखातील मजकूर बदनामीकारक असल्याचा दावा जुलै २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दाखल केला आणि दोन कोटी रुपयांची भरपाई मागितली. न्यायालयाने तीन संपादकांची माहिती देण्यास फाउंडेशनला सांगितले. या खटल्याविषयीच विकिपीडियावर तयार झालेले स्वतंत्र पान ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यायालयाच्या आदेशावरून फाउंडेशनने जगभर बंद केले. ते पान स्वयंसेवकांनी लिहिले होते, ते काढण्याचा निर्णय त्यांचा नव्हता आणि त्यांना तो थांबवताही येत नव्हता. अनेक संपादकांनी, आपली ओळख उघड करू नये अशी मागणी करणाऱ्या पत्रावर सह्या केल्या. शेवटी, संपादकांची नावे जाहीर न करता फाउंडेशननेच त्यांच्यापर्यंत समन्स पोहोचवावे असा मार्ग निघाला. पुढे ९ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांच्या खंडपीठाने, ते पान काढण्याचा आदेश रद्द केला. त्याआधी फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरील इंग्रजी लेखातील मजकुरावरून महाराष्ट्र सायबर या राज्याच्या सायबर पोलिस विभागाने फाउंडेशनला मजकूर हटवण्यास सांगितले होते आणि काही संपादकांविरुद्ध गुन्हाही नोंदवला होता. लेखातील मजकुराबद्दल कोणाचे काहीही मत असो, अशा वेळी एकट्या संपादकामागे वकिलांसह उभी राहू शकते ती संस्थाच, आणि संस्थेने किती ताठ उभे राहावे हे ठरवण्यात संपादकाला काही आवाज असतो का, हा प्रश्न त्यामुळे केवळ तात्त्विक राहत नाही.

आतापर्यंतची उदाहरणे ना-नफा संस्थेची होती. नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीत हाच प्रश्न अधिक बोचरा होतो, कारण तिथे कर्मचाऱ्यांच्या निर्णयामागे गुंतवणूकदार असतात. रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावरील हजारो समुदाय विनामोबदला काम करणारे मॉडरेटर, म्हणजे चर्चेवर देखरेख ठेवणारे सदस्य, चालवतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने त्यांचे काम दिवसाला किमान ४६६ तास आणि वर्षाला सुमारे ३४ लाख डॉलर किमतीचे असल्याचा अंदाज काढला होता. २०२३ मध्ये कंपनीने बाहेरच्या ॲपना रेडिटचा मजकूर मिळण्यासाठी मोठे शुल्क लावले. मॉडरेटरांची कामाची साधने त्यांतल्याच काही ॲपवर चालत होती. १२ जूनला सात हजारांहून अधिक समुदायांनी निषेध म्हणून आपली दारे बंद केली, तेव्हा समुदाय पुन्हा उघडा नाही तर तुमच्या जागी दुसरे नेमू, असा इशारा कंपनीने दिला. कंपनीचे प्रमुख स्टीव्ह हफमन यांनी मॉडरेटरांची तुलना पिढीजात जमीनदारांशी केली. ते म्हणणे अन्यायाचे वाटले तरी त्यात तथ्याचा अंश आहे : रेडिटवर ज्याने समुदाय आधी उघडला तो त्याचा प्रमुख, त्याला कोणी निवडलेले नसते आणि सदस्य त्याला मतदानाने हटवू शकत नाहीत. पण या दोषावर उपाय म्हणून सदस्यांच्या हाती निवडीचा हक्क आला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने नियम केला तो असा की सार्वजनिक समुदाय खासगी करायचा असेल तर आधी कंपनीची परवानगी घ्यावी लागेल. निषेधाचे जे एक साधन होते तेच काढून घेतले गेले.

स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर मॉडरेटर मतदानाने निवडले जातात. चॅटजीपीटीकडून लिहून घेतलेली उत्तरे तिथे समुदायाने डिसेंबर २०२२ मध्येच बंद केली होती. मे २०२३ च्या अखेरीस कंपनीने मॉडरेटरांना खासगीत सूचना देऊन, अशा संशयावरून उत्तरे काढणे जवळजवळ थांबवायला लावले. खासगी सूचना आणि जाहीर निवेदन यांत फरक होता, आणि त्यामुळे संताप वाढला. ५ जूनपासून मॉडरेटरांनी संप केला. तो वाटाघाटींनंतर ऑगस्टमध्ये मिटला. मॉडरेटरांचे म्हणणे खरे की कंपनीचे, हा तांत्रिक वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते : निवडून दिलेल्या माणसाला त्याच्या मतदारांसमोर बोलता येणार नाही अशा सूचनेवर काम करायला लावणे म्हणजे ती निवडणूकच पोकळ करणे होय.

मग समुदायाच्या हाती खरी ताकद कोणती? माझ्या मते निघून जाण्याचा हक्क ही सर्वांत जुनी आणि सर्वांत प्रभावी ताकद आहे. विकिपीडियाचा मजकूर मुक्त परवान्याखाली असल्याने कोणीही तो सगळा उचलून दुसरीकडे नेऊ शकतो. फेब्रुवारी २००२ मध्ये स्पॅनिश विकिपीडियाच्या सदस्यांनी, संकेतस्थळावर जाहिराती येतील या भीतीने, असेच केले आणि सेव्हिल विद्यापीठाच्या सर्व्हरवर ‘एनसिक्लोपेडिया लिब्रे’ उभारली. विकिपीडियावर आजही जाहिरात नाही, यात त्या धसक्याचा वाटा आहे असे मानणारे बरेच आहेत. ‘विकिट्रॅव्हल’ ही प्रवासमाहितीची साइट इंटरनेट ब्रँड्स या कंपनीने २००६ मध्ये विकत घेतल्यावर तिचे संपादक हळूहळू नाराज झाले, आणि २०१२ मध्ये त्यांतील बहुतेक जण सगळा मजकूर घेऊन विकिमीडियाकडे आले. कंपनीने दोन स्वयंसेवकांवर दावा लावला, तो पुढे मिटला, आणि १५ जानेवारी २०१३ रोजी ‘विकिव्हॉयेज’ विधिवत सुरू झाले. मजकुराचा परवाना बंद असता तर त्या संपादकांना रिकाम्या हाताने बाहेर पडावे लागले असते. म्हणून एखाद्या ऑनलाइन समुदायात वेळ घालण्यापूर्वी, तिथले नियम कोण बनवतो यासोबत आपण लिहिलेले आपल्याला घेऊन जाता येईल का, हेही पाहावे.

विकिमीडियात या साऱ्याला नियमांत बसवण्याचे प्रयत्न २०१९ नंतर सुरू झाले. सर्व प्रकल्पांसाठी एक समान आचारसंहिता तयार झाली. तिच्या अंमलबजावणीचे नियम मतदानाला टाकले गेले, पहिल्या वेळी २०२२ मध्ये बहुमत मिळूनही हरकती पाहून ते सुधारले गेले, आणि जानेवारी २०२३ मधील दुसऱ्या मतदानात सुमारे ७६ टक्के पाठिंबा मिळाल्यावर मंजूर झाले. २०२४ मध्ये या संहितेची समन्वय समिती मतदानाने निवडली गेली. स्थानिक यंत्रणा कोलमडली असेल तिथे ही समिती लक्ष घालू शकते, म्हणजे क्रोएशियात ज्या मधल्या पातळीची दहा वर्षे उणीव भासली तिची ही सुरुवात आहे. याहून मोठे पाऊल मात्र अडले. स्वयंसेवकांच्या हाती खरी सत्ता देणारी ‘जागतिक परिषद’ स्थापन करण्याची तरतूद असलेली विकिमीडिया चळवळीची सनद जून-जुलै २०२४ मध्ये मतदानाला आली. मत देणाऱ्या सदस्यांपैकी सुमारे ७३ टक्क्यांनी ती मान्य केली आणि संलग्न संस्थांनीही बहुमताने पाठिंबा दिला, पण विश्वस्त मंडळाने नकाराधिकार वापरून ती फेटाळली. मसुद्यात उणिवा होत्या, परिषदेचा खर्च आणि जबाबदारी पुरेशी स्पष्ट नव्हती, हे मलाही पटते. तरीही वर्षानुवर्षे खपून लिहिलेल्या मसुद्यावर इतक्या लोकांनी होकार दिल्यानंतर, त्यातील कोणते कलम बदलले तर तो मान्य होईल हे सांगणे मंडळाचे कर्तव्य होते, आणि ‘नाही’ म्हणण्याआधी ते व्हायला हवे होते.

मराठीसारख्या लहान विकिपीडियांना या वादात सर्वाधिक रस असायला हवा. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे. त्यावर मोजके प्रचालक आहेत आणि लवाद समिती नाही. एखाद्या सदस्याला प्रचालकाचा निर्णय अन्यायाचा वाटला तर तो चर्चापानावर आणि चावडीवर बोलू शकतो, पण तिथे ऐकणारेही बहुधा तेच चार-पाच लोक असतात. त्यापुढे स्टुअर्ड, मग समन्वय समिती आणि अगदी शेवटी फाउंडेशनचे कर्मचारी, अशी वाट आहे. ही वाट मराठीत, सोप्या शब्दांत, नव्या सदस्याला पहिल्याच दिवशी दिसेल अशा ठिकाणी लिहिलेली असावी. ते करायला सॅन फ्रान्सिस्कोच्या परवानगीची गरज नाही, चावडीवर एक प्रस्ताव मांडला तरी पुरे.